टेकडीवरची झकास हवा

फार फार वर्षांपूर्वीची, नाकं अजून खरं बोलायची तेव्हाची ही गोष्ट. एका रानात अस्वलाचं गुळाचं गुऱ्हाळ होतं. ते भट्टीत ओला पालापाचोळा कोंबायचं आणि धुरानं सगळं रान खोकायचं. शेवटी वाघमहाराजांनी तिखट नाकाच्या चिचुंद्रीला नेमलं. रोज हवा हुंगायची आणि दरबारात सांगायचं.

अस्वल लाडीगोडी लावत म्हणालं, "चिचुंद्रीताई, तुम्ही कशाला धुरात बसता? टेकडीवर केवड्याच्या बनात तुमची गादी घातलीये."

चिचुंद्री हुरळली. तिथलीच हवा हुंगून रोज दरबारात सांगू लागली, "हवा झकास!"

एके दिवशी सशीण धापा टाकणाऱ्या पिल्लाला घेऊन टेकडी चढून आली. "ताई, तुमची झकास हवा याला थोडी द्या हो. खाली आमच्याकडं ती येतच नाही."

चिचुंद्रीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ती तडक दरबारात गेली. "महाराज, चुकले मी. जिथं खोकला आहे तिथंच हवा हुंगायला हवी."

"हिचं नाकच बिघडलंय!" अस्वल खेकसलं.

"असेलही," चिचुंद्री म्हणाली. "मग दहा ठिकाणी दहा नाकं बसवा."

दहा नाकं बसली. दहाही शिंकली आणि दहाही भट्टीकडं वळली.

अस्वलानं मुकाट्यानं धुराडं उंच केलं, वाळली चिपाडं जाळायला घेतली. आठवड्यानं ते चिचुंद्रीकडं आलं. "ताई, रानात हा कसला गोड वास सुटलाय?"

"तुमच्याच गुळाचा, अस्वलदादा."