शिगेच्या मापाची कहाणी

हातात तांदूळ घ्या गं बायांनो, बोलणं पुरे, शीगमाईची कहाणी ऐका.

आटपाट नगर होतं. देवळांना सोन्याचे कळस, राजाच्या कोठारात धान्य मावेना. आणि गावात? तीन चुलींतली एक पेटे. कोठाराची किल्ली राणीच्या कमरेला, मजुरीचं धान्य तीच मापून देई.

राणीची लेक हेमकळा पहिलटकरीण, माहेरी आली. सातवा लागला. राणीनं ओटीभरणाचं बोलावणं केलं, सनई लावली, पाट मांडले. एक सवाशीण फिरकेल तर शपथ! लेक रडू लागली. "आई, माझी ओटी रितीच राहायची का गं?"

"बघतेच एकेकीला!" म्हणून राणी तणतणत निघाली.

पहिल्या घरी गेली. "का गं, आली नाहीस?"

"बाईसाहेब, लुगडं एक, जावा तिघी. थोरली नेसून कांडायला गेलीय."

मग दुसऱ्या घरी गेली. तिथली बाई म्हणाली, "मजुरीचं धान्य सांजेलाच संपतं. रित्या हातानं ओटी कशी भरू?"

मग तिसऱ्या घरी गेली. तिथं जख्ख म्हातारी सवाशीण, कपाळभर मळवट. म्हणाली, "राणी, राणी, तुझं माप एक, रीती दोन. पीक घेतेस ते काठावर शीग चढवून, मजुरी देतेस ती फळी फिरवून सपाट. गावाची शीग तुझ्या कोठारात, मग गाव कशानं भरेल?"

राणी लाजेनं लाल झाली. "आजी, आता काय करू?"

"शीगमाईचा वसा घे. देशील ते शिगेनं दे, घेशील ते सपाट घे. उतू नको, मातू नको."

मग राणी घरी आली. फळी चुलीत घातली, तिच्यावर खीर शिजवली. राजा धावत आला. "अगं, कोठार रितं होईल!"

"होऊ दे की! लेकीची ओटी रिती राहिलेली चालते होय?"

राजा खीर खायला बसला. बसतो नाही तर काय!

मग मजुरी शिगेनं मिळू लागली. चुली पेटल्या, लुगडी आली. मग शुक्रवारी राणीच्या दारी बायांची रीघ लागली. "सर गं, आधी मी!" हेमकळेला पदर पुरेना. राणीचा हात सवयीनं पुढं झाला, ओटीतले वरचे तांदूळ सपाट करायला. फटकन चापट बसली. बघते तर तीच म्हातारी!

"राहू दे गं ती शीग!"

सगळ्या खो खो हसल्या, राणीही हसली. हेमकळा सुखानं बाळंत झाली, बारशाला गाव पोटभर जेवलं.

शीगमाई तिला पावली, तशी तुम्हांआम्हांला पावो, दुसऱ्याची शीग आपल्या घरी न राहो. साठ उत्तरांची कहाणी पाच उत्तरांत सांगितली, शिगेसकट सुफळ झाली.