शोभेचा हात

खाडीकाठच्या भातगिरणीत यंत्राच्या उघड्या पट्ट्यात सापडून भामाबाईचा डावा हात कोपरापासून गेला. तिने भरपाईचा दावा लावला, तेव्हा गिरणीमालकाने जिल्ह्यातले नामांकित नारोपंत वकील उभे केले.

नारोपंत म्हणजे जरीकाठी धोतर, वर काळा कोट आणि आवाज नगाऱ्याचा. उजव्या हातातले कागद नाचवत ते गरजले, "सरकार, बाईंचा कामाचा हात उजवा. तो शाबूत आहे. डावा हात काय, नुसता शोभेचा! शोभेची कसली आली भरपाई?"

मुन्सफांनी भामाबाईकडे पाहिलं. नारोपंतांचं ते चापूनचोपून नेसलेलं धोतर दिसलं आणि तिला एकदम हसूच फुटलं.

"असेलही सरकार," ती म्हणाली. "मग वकीलसाहेबांनी इथंच धोतर सोडावं आणि एकट्या उजव्या हाताने परत नेसून दाखवावं. जमलं, तर मी दावा सोडते. धोतर सोडायला हवी तर मदतही करते!"

असं म्हणत ती एक पाऊल पुढे सरकली मात्र, नारोपंतांचा डावा हात झटकन निऱ्यांवर गेला.

"बघा सरकार!" भामाबाई ओरडली. "अब्रूवर बेतलं, तेव्हा शोभेचाच हात आधी धावला!"

सारी कचेरी खदखदून हसली. मुन्सफांनीही रुमालात तोंड लपवून पोटभर हसून घेतलं. मग डाव्या हाताने कागद दाबून धरत त्यांनी उजव्याने हुकूम लिहिला: भरपाई पुरी द्यावी, आणि तीही आजच.