सहाव्यांदा वाजलेला नगारा

खूप जुनी गोष्ट आहे. तेव्हा एका राज्यात न्याय मागायला कागद लागत नसे, नगारा लागे. तो राजवाड्यासमोरच ठेवलेला असे. कोणीही त्यावर टिपरू मारलं, की वादी-प्रतिवादी दोघांनीही हातातलं काम टाकून यायचं आणि सूर्य मावळेपर्यंत न्यायाधीशांपुढे उभं राहायचं, असा रिवाज होता.

त्या राज्यात सारजा नावाची एक कुंभारीण होती. तिच्या घरामागे चिकणमातीची खाण होती आणि त्या मातीवरच तिचं पोट होतं. शेजारच्या इनामदाराला तिथे बाग करायची हुक्की आली. खाण आपलीच आहे म्हणत त्याने नगारा वाजवला. न्यायाधीशांनी साक्षीपुरावे पाहिले आणि खाण सारजाची ठरवली.

पण इनामदार कसला ऐकतो! त्याने पुन्हा नगारा वाजवला. मग मेहुण्याच्या नावाने वाजवला, मग जावयाच्या. पाचव्यांदा तर चक्क बैलाच्या नावाने! म्हणे, बैलाला तिथे चरायची सवय आहे. निकाल दर वेळी तोच लागला. पण नगारा वाजायचा तो नेमका सारजाने भट्टी पेटवली की. ती दरबारात उभी, इकडे भट्टी विझून मडकी कच्चीच राहायची. इनामदाराला जिंकायचं नव्हतंच, तिला दमवायचं होतं.

सहाव्यांदा नगारा वाजला आणि सारजाचं डोकं फिरलं. गाढवावर चाक आणि माती लादून ती तडक दरबारात शिरली. मधोमध चाक मांडून तिने ते गरगर फिरवलं. चिखलाचे शिंतोडे थेट इनामदाराच्या अंगरख्यावर उडाले.

"अगं बाई, हा दरबार आहे!" न्यायाधीश ओरडले.

"असू दे की, सरकार! पाच वेळा तुम्ही मला न्याय दिलात. तो घेऊन घरी बसायला एकदा तरी सवड दिलीत का? आता मी इथंच मडकी घडवणार. बघू कोण उठवतंय मला!"

न्यायाधीश विचारात पडले. "मग काय, नगारा बंद करू? गोरगरिबांनी जायचं कुठं?"

"बंद कशाला? उद्या मलाही लागेल तो. फक्त टिपरू उचलणाऱ्याला आधी विचारा, बाबा रे, नवीन काय आणलंस?"

न्यायाधीश इनामदाराकडे वळले. "बोला, नवीन काय आणलंत?"

इनामदार चाचरला. "सरकार... या खेपेला बैल दुसरा आहे."

सारा दरबार खो खो हसला. न्यायाधीश मात्र हसले नाहीत.

"पुढचं मी ऐकणार नाही. हे दाद मागणं नव्हे, हा छळ आहे. हिच्या पाच भट्ट्या तुमच्यामुळे विझल्या. पाच भट्ट्यांची माती तुम्ही स्वतःच्या पायांनी तुडवून द्यायची."

दुसऱ्या दिवशी इनामदार धोतर खोचून चिखलात उतरला. घटकाभरातच धापा टाकू लागला.

"दमलो गं बाई!"

"मी दमले होते तेव्हा तुम्ही नगारा बडवत होता," सारजा म्हणाली. "तुडवा!"

लहानमोठ्यांनो, एवढं ध्यानात ठेवा: दाद मागायचा हक्क सगळ्यांना आहे, पण उत्तर मिळाल्यावरही तेच गाऱ्हाणं घेऊन दुसऱ्याला छळायचा हक्क कोणालाच नाही.