शबरीचा हात

"सगळे मंत्रमुग्ध झाले होते, बुवा. मग परवानगी का नाही?"

सकाळपासून रंगनाथचा हाच धोशा चालला होता. दाजीबुवा कीर्तनकार देवळाच्या ओवरीत बसून मिठाच्या पाण्याने गुळण्या करत होते. काल कीर्तनात ऐन आख्यानाच्या वेळी त्यांचा घसा बसला, म्हणून मागे टाळ धरणाऱ्या या शिष्याला त्यांनी पुढे उभं केलं. तेव्हापासून त्याचे पाय जमिनीला लागत नव्हते.

आता खालच्या आळीच्या रामनवमीला त्याला एकट्याने उभं राहायचं होतं. बुवांच्या होकाराशिवाय आळीतली मंडळी बोलावणार नव्हती.

"काल सकाळी तू उपिटाने मंत्रमुग्ध झालास," बुवा म्हणाले. "परवा नव्या छत्रीने. त्या शब्दाला आता जरा निजू दे."

"पण काल लोक खरंच झाले होते."

"कशावरून?"

"खोतांची मान डोलत होती. खांबाजवळची म्हातारी डोळे पुसत होती. पेटीवाले तेवढे जांभया देत होते, पण ते तुमच्याही कीर्तनात देतात."

बुवांनी कपाळाला हात लावला.

"आणि तू? तू झालास का मंत्रमुग्ध?"

"मी कसा होईन? सांगणाऱ्याने भानावर राहायला हवं. नाहीतर आख्यान पुढे कोण नेणार?"

"बरं. आख्यान कुठलं होतं?"

"शबरीचं. तुम्हीच दिलंत की."

"बोर चाखून तिने रामापुढे धरलं, तेव्हा तिचा हात थरथरत होता का रे?"

रंगनाथ आठवू लागला...

"असं... पोथीत काही नाही, बुवा."

"खोतांची मान पोथीत होती?"

आत गाभाऱ्यापाशी कोणीतरी घंटा वाजवून गेलं... मग रंगनाथचा धीर सुटला.

"आळीतली मंडळी दुपारी येतील. हो म्हणायचं की नाही, तेवढं एकदाचं सांगा. मला कोडी सुटत नाहीत."

बुवा उठले. खुंटीवरचे टाळ काढून त्यांनी त्याच्या मांडीवर ठेवले.

"म्हणजे नाहीच ना?" रंगनाथ टाळांकडे बघत म्हणाला.

"दुपारला अजून अवकाश आहे. त्या म्हातारीकडे जा, आणि हात थरथरत होता का ते विचारून ये. तिने पाहिलाय."