चित्राच्या कुलूपबंद खोल्या

मोबाईल लहान होते आणि त्यांच्या पोटातली जागा त्याहून लहान होती, तेव्हाची गोष्ट. एका मोबाईलमध्ये फोटो रंगवणारी चित्रा राहायची. मोठा फोटो आला की ती ही जागा वाटून देणाऱ्या कारभारीबुवांकडून खोल्या मागून घ्यायची, पण काम झाल्यावर एकही परत करायची नाही.

"चित्राताई, रिकाम्या खोल्यांना कुलूप कशाला? मी इथे अंग चोरून बसतोय," शेजारचा गजर म्हणायचा.

"उद्या लागल्या आणि बुवांनी नाही दिल्या तर?" असं म्हणत ती पुन्हा कुलपं ओढून पाहायची. तिचा जीव थाऱ्यावर नसायचा.

एका दुपारी ती नवरीचा फोटो रंगवत होती. फक्त डोळे राहिले होते. इतक्यात कुणाचा तरी फोन आला आणि त्याला जागाच मिळेना. अशा वेळी बुवांचा नियम ठरलेला होता. ज्याच्याकडे सर्वांत जास्त खोल्या, त्याला बाहेर काढायचं.

"बुवा, त्या रिकाम्याच आहेत हो," चित्रा कळवळून म्हणाली.

"कुलपाबाहेरून मला ते कसं कळणार, पोरी?" बुवा म्हणाले आणि त्यांनी तिला अर्ध्या रंगलेल्या नवरीसकट बाहेर काढलं.

फोनला लागली ती एकच खोली.