साळुंकीचा निरोप

फार मागे एका रानात पाखरांचा वाद्यमेळ होता. तालमीचे निरोप साळुंकी द्यायची. एकदा तिनं सगळ्यांना सांगितलं, "उठल्या उठल्या या." कोकीळ आणि सुतारपक्षी पहाटेच आले, घुबड आलं दिवेलागणीला.

"मी काय एकट्यानंच घुमू?" घुबड तडकलं.

कोकीळ म्हणाला, "साळुंकीबाई, पुन्हा असं झालं तर मेळ मोडला म्हणून समजा."

दुसऱ्या दिवशी साळुंकी पुन्हा घरोघर फिरली. कोकिळाला आणि सुतारपक्ष्याला म्हणाली, "झोपायच्या आधी या." घुबडाला म्हणाली, "दादा, तुम्ही उठल्या उठल्याच या."

तिन्हीसांजेला सगळे एका फांदीवर जमले. सुतारपक्ष्यानं ताल धरला, कोकीळ गायला, घुबड घुमलं.

पिल्लांनी विचारलं, "आई, यात तुझं काय गं?"

साळुंकी मान ताठ करून म्हणाली, "सगळं एकदम वाजतंय ना? ते 'एकदम' माझं!"