संक्रांतीनंतरचं

“...पण भन्ते, दहा वर्षांनंतरचं मुलांना दिसतच नसेल, तर कुणीतरी दाखवायला नको?”

विचारत होते गेडाम सर. नववी-दहावीच्या मुलांना ध्येय ठरवायला शिकवायचे, आणि त्याचा त्यांना भारी अभिमान. रविवारी शाळेत त्याचाच कार्यक्रम होता. म्हाताऱ्या भन्तेंनी दोन शब्द बोलावेत, म्हणून ते विहारात आले होते.

सोबत मुलांच्या कागदांचं जाडजूड बाड. प्रत्येकावर एकच ओळ छापलेली : ‘दहा वर्षांनी मी ... असेन.’

“बेचाळीस मुलं, बेचाळीस ध्येयं. एकही जागा रिकामी नाही.”

भन्ते सावकाश एकेक कागद उलटत गेले. पोलीस. ड्रायव्हर. नर्स. पोलीस. नर्स. मग थांबले.

“बाकीच्या पोरी नर्स लिहितात. ही एकटीच परिचारिका लिहिते?”

सरांनी कागद परत घ्यायला हात पुढे केला.

“अक्षर कुणाचं?”

“...माझं.”

“आणि पोरगी?”

“दामिनी कोवे. तिनं कोराच दिला होता. वरून तपासणी येणार होती, म्हणून मग मी...”

“कोरा का दिला?”

सरांनी चष्मा काढला, पुन्हा लावला.

“तिनं वर्गात उभं राहून विचारलं होतं... ‘सर, संक्रांतीनंतरचं लिहिलं तर चालेल का?’”

“मग?”

“मी म्हणालो, इतकं जवळचं काय बघतेस? मोठं बघ जरा. सगळा वर्ग हसला. मीही हसलो.”

“संक्रांतीनंतर काय होतं?”

“आईबाप मिरची तोडायला तेलंगणात गेले. तिलाही घेऊन गेले. मला हजेरी घेताना कळलं, भन्ते. हजेरी घेताना! मुलींच्या वसतिगृहात एक जागा होती. माझ्या एका चिठ्ठीवर मिळाली असती. आता तीही भरली. बापाचा फोन लागत नाही. तिचा काका म्हणतो, पोरगी आता शाळेचं नावच काढत नाही.”

इतका वेळ तोंड भरून बोलणारा हा माणूस आतून पार खचलेला होता. त्याची कीव यावी, पण त्या पोरीची आठवण झाली की कीवही येत नव्हती.

बाहेर कुणीतरी अंगण झाडत होतं.

“मी काय करू, भन्ते? पुढच्या वर्षी नवी बेचाळीस समोर बसतील. त्यांना कुठल्या तोंडानं शिकवू? ...काहीतरी सांगा.”

भन्तेंनी बाड बाजूला सारलं. शाईनं ‘परिचारिका’ लिहिलेला दामिनीचा तेवढा कागद उचलला आणि दोन्ही हातांनी सरांपुढे धरला.

“हा पुन्हा कोरा करून आणा, सर.”